रुमाल टाकलेलं टेबल

आमच्या जालन्यात टेबल धरायची तालीम शादीखान्यात मिळते. दावतीची वेळ एकची असते, जेवण सुरू होतं दोनला, आणि पहिली पंगत बसली की दुसऱ्या पंगतीचे लोक जेवणाऱ्यांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. जेवणाऱ्याने शेवटचा घास घ्यायच्या आत मागच्याचा हात खुर्चीच्या पाठीवर पडलेला असतो. बायकांच्या बाजूला तर खुर्चीवर पर्स, पर्सवर दुपट्टा आणि दुपट्ट्यावर एखादं झोपलेलं मूल ठेवून चार-चार जागा राखल्या जातात. एस.टी. स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकण्याचा आपला जो जुना हुन्नर आहे, त्याचंच हे घरगुती रूप. मीही त्यात मागे नव्हते. हे आधी कबूल करते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की शाळेत पालक विचारू लागतात, "मॅडम, मुलांना पार्क दाखवायचं आहे, जेवणाचं कसं असतं?" तिकीट किती, पाळणे कोणते, हे सगळं मुलं मोबाईलवर आधीच बघून ठेवतात. जेवणाचं मात्र कुणी बघत नाही. आणि दिवस बिघडतो तो नेमका तिथेच.

आमचा बिघडला होता. पार्कचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती. दिवाळीची सुट्टी, टेम्पो ट्रॅव्हलर, आम्ही अकरा माणसं: सासूबाई, म्हणजे अम्मी, आम्ही दोघं, दीर-जाऊ, नणंद आणि पाच मुलं. रात्री जालन्याहून निघालो, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे करत सकाळी पोहोचलो. अम्मींना यायचंच नव्हतं. "मला काय झोके घ्यायचे आहेत?" असं म्हणत होत्या. त्यांनी एकच अट घातली. दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र, एका दस्तरखानवर करायचं. आमच्या घरात त्या जेवायला बसल्याशिवाय कुणी बसत नाही, आणि मुलं जेवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत हे आम्हाला फाटकावर कळलं. शामी कबाब आणि पराठ्यांचा डबा गाडीत परत गेला. पावणेएकला मोठा पुतण्या पुढे जाऊन फूड कोर्टात एक लांब टेबल धरून बसला. सहा खुर्च्या होत्या, आणखी चार ओढून आणल्या, जाऊबाईंचा दुपट्टा आणि दोन टोप्या टाकल्या, आणि फोन केला, "टेबल मिळालं, या." ते ऐकून अम्मींनी जेवणाआधीची शुगरची गोळी घेतली. गोळी आणि घास यांत फार वेळ जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आता टेबल मिळालंच आहे, मग काय?

टेबल मिळालं होतं, जेवण नव्हतं. पैसे भरायच्या खिडकीवर एक रांग, कूपन दाखवून ताट घ्यायला दुसरी. हे एका रांगेत, दीर दुसऱ्या रांगेत. मुलांना वाटलं टेबल आहेच, तोवर एक राइड करून येऊ, म्हणून नणंद त्यांना घेऊन गेली. मी अम्मींना हळूहळू चालवत आणत होते. टेबलावर एकटा पुतण्या आणि नऊ रिकाम्या खुर्च्या. तेवढ्यात एक कुटुंब ताटं हातात घेऊन आलं. नवरा-बायको, म्हातारे वडील, दोन लहान मुलं. "इथं कुणी आहे का?" "हो, येतायत." पाच मिनिटांनी पुन्हा, "आले नाहीत का?" "येतायतच." असं तीन वेळा झालं. ही हकीकत त्याने मला नंतर, गाडीत, मान खाली घालून सांगितली.

शेवटी तिथला एक कर्मचारी आला. अगदी नम्रपणे म्हणाला की हातात ताट असेल त्यालाच बसता येतं, नुसता कपडा ठेवून टेबल धरता येत नाही. त्याने दुपट्टा उचलून घडी करून पुतण्याच्या हातात दिला आणि त्या कुटुंबाला बसवलं. मी अम्मींना घेऊन पोहोचले तेव्हा आमचा पुतण्या खांबाशी दुपट्टा घेऊन उभा होता.

त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं मी विसरणार नाही. अम्मींच्या कपाळावर घाम आला. पंख्याखाली उभ्या होत्या तरी घाम. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. मला आधी वाटलं प्रवासाचा थकवा. "अम्मी, बसा," म्हणायला तोंड उघडलं, पण बसवणार कुठे? त्याच टेबलावरची ती बाई उठली. कपाळावर टिकली, हातात अर्धवट खाल्लेली पोळी. तिने अम्मींना धरून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मुलाच्या हातातला फळांच्या रसाचा डबा त्यांच्या तोंडाला लावला. "शुगर उतरलीय त्यांची. माझ्या सासऱ्यांना पण होतं." मूल रडायला लागलं तर त्याच्या आजोबांनी त्याला मांडीवर घेतलं. जेवणं अर्धी टाकून ती पाचही माणसं आमच्याभोवती उभी राहिली, आणि बसलेली एकटी अम्मी. पंधरा मिनिटांत अम्मींना बरं वाटलं. मग त्या बाईच्या ताटातला वरण-भात त्यांनी चार घास खाल्ला.

इथे थोडं थांबून शुगरचं लिहिते, कारण आपल्या घरोघरी हा आजार आहे. घाम, थरथर, भूक, गोंधळल्यासारखं वागणं ही साखर खाली गेल्याची लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात, किंवा अर्धा कप फळांचा रस द्यावा. चॉकलेट, बिस्किटं त्या वेळी फार उपयोगी नाहीत. त्यांतल्या तुपा-तेलामुळे साखर रक्तात जायला उशीर लागतो. पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासावं, फरक नसेल तर पुन्हा द्यावं, आणि बरं वाटलं की नीट जेवण द्यावं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना. आणि जेवणाआधीची गोळी ताट समोर आल्यावरच. "टेबल मिळालं" म्हणजे "ताट आलं" नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. मग धाकट्या मुलीने विचारलं, "आपण आधी आलो होतो ना? मग टेबल आपलंच ना?" मुलीचा सवाल खरा होता. त्यावर घरात पुढे आठवडाभर चर्चा झाली.

दीनमध्ये बसण्याच्या जागेलाही अदब आहे. सूरह मुजादिलाच्या अकराव्या आयतमध्ये मजलिसमध्ये दुसऱ्याला जागा करून देण्याची ताकीद आहे. बुखारी आणि मुस्लिम, दोन्ही संग्रहांत या अर्थाची हदीस आहे की कुणी कुणाला उठवून त्याच्या जागी बसू नये, उलट सरकून जागा करावी. सहीह मुस्लिममध्ये असंही येतं की जागेवरून उठून गेलेला माणूस परत आला तर त्या जागेवर त्याचाच हक जास्त. आणि मिनाच्या मैदानाबद्दलची ती रिवायत अनेकांना ठाऊक असेल. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यासाठी तिथे सावलीची सोय करावी का, असं विचारलं गेलं तेव्हा त्यांनी नकार दिला. मिना ही जो आधी पोहोचेल त्याची उतरायची जागा आहे, असा त्या उत्तराचा आशय.

म्हणजे आधी येणाऱ्याचा हक आहेच. पण आधी "येणाऱ्याचा". दुपट्टा आधी आला, माणसं राइडमध्ये होती. मशिदीत पहिल्या सफमध्ये मुसल्ला टाकून स्वतः तासाभराने येणाऱ्याबद्दल उलमांनी नापसंती दाखवली आहे ती याच कारणाने. जागा वापरायची नाही आणि दुसऱ्यालाही वापरू द्यायची नाही. आमचे हे म्हणाले, "पण पुतण्या तर बसलाच होता." बरोबर, त्याचा एका खुर्चीवर हक होता. बाकीच्या नऊ खुर्च्या काय हिशेबाने?

हिशेबावरून आठवलं. नववीच्या वर्गात मी हेच गणित फळ्यावर मांडलं. समजा पन्नास टेबलं आहेत आणि प्रत्येक कुटुंब ताट घेऊन बसल्यापासून उठेपर्यंत चाळीस मिनिटं घेतं. तर तासाला ७५ टेबलं मोकळी होतात. तुमच्यापुढे २५ कुटुंबं असतील तर तुमचा नंबर वीस मिनिटांत लागतो. आता प्रत्येक कुटुंबाने ताट मिळायच्या वीस मिनिटं आधीच रुमाल टाकला असं धरा. टेबल चाळीसऐवजी साठ मिनिटं अडकतं, तासाला पन्नासच मोकळी होतात, आणि त्याच २५ कुटुंबांमागे तुम्हाला तीस मिनिटं थांबावं लागतं. टेबलं तेवढीच, माणसं तेवढीच, भूकही तेवढीच. नुसत्या रुमालांनी रांग दीडपट झाली. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग आपण एकट्यानेच टाकला तर?" वर्ग हसला. पण खरी गोम तीच आहे. एकट्याने टाकला तर फायदा होतो, म्हणूनच तर सगळे टाकतात. रांग, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं हे नातं जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ साली रीतसर सिद्ध केलं. इंजिनिअरिंगची मुलं ते त्याच्याच नावाने शिकतात. आपल्या शादीखान्यात त्याला वेगळं सिद्ध करायची गरज पडली नसती.

पार्कांत जेवणाची गर्दी ही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा पहिल्याच दिवशी लोक इतके आले की खाणं कमी पडलं. आता फ्लोरिडातल्या त्यांच्या मोठ्या पार्कात नावाजलेल्या हॉटेलांचं टेबल साठ दिवस आधी धरता येतं. ज्याने धरलेलं नाही त्याच्यासाठी मोबाईलवर नाव लावायची सोय असते. तुम्ही फिरत राहा, नंबर आला की निरोप येतो. रुमालाऐवजी नाव, आणि खुर्ची तोवर दुसऱ्याच्या कामी येते. आपल्याकडे १९८९ ला गोराईत एस्सेलवर्ल्ड आलं, १९९६ ला हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी, २०१३ ला खोपोलीजवळ इमॅजिका, २०१६ ला हैदराबादलाच वंडरला. आपल्याकडच्या पार्कांत बहुतेक जेवण आधी पैसे, मग ताट, मग जागा या पद्धतीचं असतं. त्यामुळे खरी लढाई टेबलाची नसून वेळेची आहे.

आणि वेळेच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आहे, जी मला दुसऱ्या खेपेला उमगली. सगळं पार्क एक ते अडीच या वेळात जेवतं. नोव्हेंबरात आपल्या भागात जुहरची वेळ साडेबाराच्या आत लागते. म्हणजे पावणेबाराला जेवायला बसा. तेव्हा खिडकीवर रांग नसते, ताट गरम असतं, मोठं टेबल मोकळं असतं. जेवण आटोपून सगळं पार्क फूड कोर्टाकडे निघालं की आपण वुजू करून नमाजला. नमाज होते तोवर राइडच्या रांगा ओसरलेल्या. ज्यांना एवढ्या लवकर भूक नाही त्यांनी उलट करावं: गाडीपाशी दहा वाजता दणकून नाश्ता, आधी जुहर, आणि जेवण तीनला. जालन्याहून एवढ्या लांब गेल्यावर आपण मुसाफिरच, फर्ज चारऐवजी दोन रकात. दहा मिनिटांचं काम. जागेसाठी गेस्ट सर्व्हिसच्या खिडकीवर सरळ विचारावं. संकोचाने झाडामागे शोधत बसण्यापेक्षा ते बरं. आम्हाला त्या दुसऱ्या पार्कात एका बंद असलेल्या दुकानामागचा स्वच्छ ओटा दाखवला, आणि एक मुलगी बायकांसाठी आडोसा म्हणून फलक सरकवून गेली. बायकांनी वुजूसाठी छोटी बाटली आणि टॉवेल जवळ ठेवावा. बेसिनात पाय घालून सगळी फरशी ओली करणं बरं दिसत नाही, मागून येणारी घसरून पडते.

हलालचा प्रश्न टेबलाहून अवघड. खिडकीवरच्या पोराला "हलाल आहे का?" विचारलं की तो "हो हो" म्हणतो. रांग पुढे सरकवायची असते त्याला. विचारायचं असेल तर मॅनेजरला, आणि असं: "चिकन-मटण कुठून येतं? हलालचा कागद आहे का?" जाण्याच्या दोन दिवस आधी फोन करून विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो, आणि शंका असली की आपल्याला तेवढं पुरतं. एक बारीक गोष्ट मात्र बायका विसरतात: बटाट्याचे फ्राइज आणि चिकन एकाच तेलात तळतात का, हेही विचारावं. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागणारे असले की मिळतं. हाँगकाँगच्या डिस्नीलँडमध्ये एक्सप्लोरर्स क्लब नावाचं हॉटेल हलाल प्रमाणपत्रासह चालतं. तिथे मलेशिया-इंडोनेशियाचे पाहुणे येतात. आपणही ग्राहकच आहोत. तक्रारीच्या सुरात नको, चौकशीच्या सुरात विचारत राहायला काय हरकत आहे?

दुसऱ्या खेपेला आणखी एक बदल केला, आणि त्यावरून घरात वाद झाला. अकरा माणसांचं टेबल शोधायचं नाही. चार, चार आणि तीन अशा टोळ्या. चारचं टेबल दर मिनिटा-दोन मिनिटाला मोकळं होतं, अकराचं कधी होतच नाही. तीन लहान टेबलं मोकळी व्हायची वाट बघून ती जोडावी लागतात, आणि तोवर दोन टेबलं आपण अडवलेली असतात. अम्मींना हे पटेना. "एका घरचे तीन ठिकाणी जेवायचे? लोक काय म्हणतील, भांडून आलेत?" दीर म्हणाले, "लोकांना कुठे माहीत आपण अकरा आहोत?" अम्मी रुसल्या. मलाही त्यांचं म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. एकत्र जेवण्यात बरकत आहे हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि मी तरी ते आजही मानते.

तोडगा काढला तो त्याच पुतण्याने. सकाळी पार्किंगमध्ये, फाटक उघडायच्या आधी, गाडीच्या सावलीत त्याने दस्तरखान अंथरला. पराठे, शामी कबाब, खिचडीचा डबा, खट्टा, थर्मासमधला चहा, आणि सोललेली जालन्याची मोसंबी. अकराही जण मांडी घालून बसलो. अम्मींच्या समोर ताट आलं, मग त्याने त्यांच्या हातावर गोळी ठेवली. खरकटं, कागद सगळं पिशवीत भरून त्याने डब्यात टाकलं. शेजारच्या गाडीतले लोक बघत होते. त्यांना कबाब दिले, त्यांनी चकल्या दिल्या.

दुपारचं जेवण मग तीनला झालं, तीन टेबलांवर. सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. सव्वातीनला बिर्याणी संपलेली होती, मुलांची तोंडं पडली, डाळ-भात आणि पनीरवर भागवावं लागलं. म्हणजे तीनला जायचं असेल तर आवडीचं मिळेल याची खात्री धरू नये. जिथे तिकिटाबरोबरच जेवणाचं कूपन मिळतं तिथे ते कोणत्या वेळेपर्यंत चालतं ते आधीच बघून घ्यावं. लहान बाळाचं खाणं आणि औषधं बहुतेक ठिकाणी आत नेऊ देतात. शुगरवाल्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि खिशात साखरेच्या पुड्या असू द्याव्यात. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतात का, हेही फाटकावर विचारून ठेवावं.

आमच्या टेबलाशेजारी एक जोडपं ताटं घेऊन जागा शोधत होतं. बाई पोटुशी होती. पुतण्याचं अजून खाणं चाललं होतं. तो आपलं ताट घेऊन उभा राहिला, पाय मारून धाकट्या भावालाही उठवलं आणि त्यांना म्हणाला, "बसा, आमचं झालंच आहे." झालं नव्हतं. खांबाला टेकून दोघांनी उरलेला भात खाल्ला.

अम्मी पलीकडच्या टेबलावरून हे बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतून सकाळचा उरलेला एक कबाब काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. धाकट्याने लगेच विचारलं, "आणि माझा?"